चौथ्या पायाखालची ढलपी

तीर्थरूप मामांना,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुमचं पत्र कधीच आलं, पण त्याच्या पाकिटावर गरम पातेलं ठेवून ठेवून आता गोल डाग पडला आहे. उत्तर रोज लिहिणार होतो. ‘काम लागलं’ असं लिहावं म्हणून थांबलो, तर काम लागेना. लागलं, तेव्हा पक्कं होऊ दे म्हणून थांबलो, तर तेच सुटलं. त्यामुळे आता लिहायला अगदी मोकळा आहे. मामीचा गुडघा कसा आहे? (जिना उतरताना दुखतो की चढताना, ते विचारून ठेवा. दोन्हींवर माझ्याकडे फुकट सल्ला आहे. हल्ली माझं सगळंच फुकट आहे.)

तुम्ही विचारलंत, धडधाकट हातपाय असून काम मिळत नाही म्हणजे काय? मला राग आला मामा. तुमचा नाही, प्रश्नाचा. तुमच्या वेळी जो पहाटे उठून फाटकाशी पहिला उभा राहील, काम त्याचं. मीही उठलो की! एका गोदामात मालाच्या नोंदी ठेवायची जागा होती, आणि फाटकाशी पहिला मी. रखवालदाराने कौतुकाने बसायला स्टूल दिलं आणि मग सांगितलं, की अर्ज कॉम्प्युटरवर जातात, ते जगभरातून आलेत आणि जागा भरलीसुद्धा. आता ज्यांच्याकडे सूर्यच आपल्या आधी उगवतो, त्यांच्याआधी मी कसं उठायचं? (त्या रखवालदाराच्या जागीही कॅमेरा येणार आहे, आणि कॅमेऱ्यात बघणारा माणूस समुद्रापलीकडे बसणार आहे. चोर आला तर तो तिकडून ‘थांब’ म्हणणार? असो. भरकटलो.)

खरी गोष्ट खुर्चीची आहे. मी ज्या उस्तादांच्या हाताखाली खुर्च्या बनवत होतो, त्यांच्या कारखान्याची फरशी उतरती आहे. पाणी वाहून जावं म्हणून त्यांच्या मेव्हण्याने ती तशी घातली. पाणी कधी वाहून गेलं नाही, पण चांगली खुर्चीही तिथे डुगडुगते. एकदा एक टायवाला गिऱ्हाईक नमुना बघायला यायचा होता. त्याच्यासमोर शोभा नको म्हणून उस्तादांनी खुर्चीच्या मागच्या डाव्या पायाखाली लाकडाची एक ढलपी चिकटवली. टायवाला आला, बसला, डोलला नाही, खूश झाला. खुर्ची उचलून ढलपीसकट घेऊन गेला, आणि मोठी ऑर्डर कळवतो म्हणाला. आम्ही लाकूड आणून ठेवलं. उस्तादांनी तर मेव्हण्याशी बोलणंही परत सुरू केलं.

ऑर्डर आली नाही, खुर्च्या आल्या! बाजारातल्या मोठ्या फर्निचरच्या दुकानात, जहाजातून, आमच्याच खुर्च्या. तीच पाठ, तोच हात. किंमत इतकी, की तेवढ्यात आमचं नुसतं लाकूडही आलं नसतं. आणि मामा, प्रत्येकीच्या मागच्या डाव्या पायाखाली ढलपी, पॉलिश केलेली. सपाट फरशीवर सगळ्या डुलत होत्या. उस्ताद एकीवर बसले, पुढेमागे झाले, आणि उठून घरी गेले. दुसऱ्या दिवशी कारखान्याला कुलूप. मी म्हटलं, निदान भांडू तरी. ते म्हणाले, कुणाशी? मला आजही या एका शब्दाचा संताप येतो.

तेवढ्यात त्या दुकानाच्या मालकीणबाईंनीच मला बोलावलं. गिऱ्हाइकं तक्रारी करत होती. कुणी बाकीच्या तीन पायांखाली वह्या घालत होतं, तर एका आजोबांना वाटत होतं की आपल्यालाच चक्कर येते. काम काय, तर ढलपी काढायची, पाय घासायचा, पॉलिश मारायचं. म्हणजे आमचीच खुर्ची परक्याने बनवायची आणि तिच्यातली आमचीच चूक आम्ही मजुरीने काढायची. अपमान गिळला आणि कामाला लागलो. (काम बरं होतं. दुपारचा चहा मिळायचा.)

इथेच थांबलो असतो तर आज पक्का असतो. पण ढलप्या काढून काढून डोकं फिरलं. एक दिवस बाईंचा फोन मागून या खुर्च्या जिथून येतात त्या परदेशातल्या कारखान्यातच थेट लावला, शिव्या द्यायला. पडद्यावर कानामागे पेन्सिल खोचलेला एक माणूस आला, माझ्याच वयाचा. मी आपल्या भाषेत सुटलो. फोन त्याचं भाषांतर करत होता (शिव्यांचं काय करत होता देव जाणे, कारण तो अदबीने मान डोलवत होता). मग त्याचं बोलणं फोनमधून आलं: “आम्हांला वाटलं, तुमच्याकडे बसायची हीच रीत आहे. बाकी सगळं मशीन करतं. तेवढं एक मी हाताने करतो.” आणि त्याने एक ढलपी कॅमेऱ्यासमोर धरली. मामा, तिची कड हाताने घासून गोल केलेली होती. मी म्हटलं, रीत नाही, चूक आहे, बंद कर. त्याने पेन्सिलीने हातावर लिहून घेतलं.

पुढच्या जहाजातून आलेल्या खुर्च्या एकदम सरळ. मालकीणबाई एकीवर बसल्या, हलून बघितलं आणि माझ्याकडे वळल्या. “आता ही डुलत नाही. मग तू काय करणार रे इथे?” वाईट वाटून म्हणाल्या, पण म्हणाल्याच. तर असं आहे मामा. वाईट काम केलं तर नोकरी जाते हे ठाऊक होतं; चांगलं केलं तरी जाते, हे मला कुणी शिकवलं नाही. हे सगळं कामासाठी रडगाणं म्हणून लिहीत नाही, एवढं लक्षात असू द्या. नातेवाइकांपुढे हात पसरणाऱ्यांतला मी नाही. मामीला नमस्कार, धाकटीला लाड.

तुमचा,
भाचा

ता. क. तुमच्या दारं-खिडक्यांच्या कारखान्यात एक जागा आहे का? लोकांच्या भिंती अजून वाकड्याच असतात आणि प्रत्येक दार जागेवर जाऊनच बसवावं लागतं, हे जहाजाला जमायचं नाही, असा मी विचार केला. भुश्शाच्या पोत्यांवरही झोपेन.

ता. क. दुसरा. मामीसाठी त्या जहाजातल्या खुर्च्यांतलीच एक पाठवली आहे. काय करणार, स्वस्त मिळाली. गुडघ्याला चांगली आहे.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार एवढ्यात दार वाजलं. पेन्सिलवाला आला आहे! खोक्यांवर दुकानाचा पत्ता होता, त्यावरून तो दुकानात पोचला आणि बाईंनी त्याला इकडे पाठवलं. ढलपी बंद झाल्यावर हाताचं काम उरलं नाही, म्हणून त्यालाही काढलं (एवढं भाषांतर करून त्याचा फोन बंद पडला). मी इतके दिवस त्याच्यासाठी राखून ठेवलेलं सगळं बोलायला तोंड उघडलं आणि विचारलं, जेवलास का? तर मामा, वर एक जागा लिहिली आहे, तिथे दोन वाचा. माझं काय ते नंतर बघा, पण हा माणूस बघा. आल्यापासून तो बसलेला नाही. माझ्या खोलीचं दार चौकटीत घासतं, आणि त्याने कानामागची पेन्सिल काढून कुठे रंधा मारायचा तिथे खूण केली आहे. माझ्याकडे रंधा आहे का, असं खुणेने विचारतो आहे.