रिकामा डबा पाठवायचा नसतो

चिंचवड, श्रावण वद्य पंचमी

अहो,

चष्मा कपाळावर असेल, तो खाली ओढा आणि मग वाचा. सांगते मी, लिहिते आपली नात अरू.

आम्ही खुशाल आहोत. कारखान्याला गायरान गेलं तर गावाचं काय काय जातं, त्याचा अभ्यास करायची पोरीची नोकरी. चारा, सरपण, ओढ्याचं पाणी, सगळं मांडायचं. पण ज्या गावाचं गायरान जाणार, त्या महाळुंग्याच्या बाया तोंडच उघडेनात. ही जमीन मोजायला आली, असं त्यांना वाटायचं. दसऱ्यापर्यंत अहवाल झाला नाही तर संस्था नारळ देणार. ‘आजोबांना कळवू नकोस’ म्हणाली, पण आता स्वतःच लिहिते आहे बिचारी.

परवा मीच गेले बरोबर. तिथल्या एका पुतळाबाईंच्या ओट्यावर बेसनवड्यांचा डबा ठेवला, घराचा पत्ता सांगितला आणि उठले. विचारलं काहीच नाही. अरू वाटभर फुरंगटलेली.

आज पुतळाबाई डबा घेऊन दारात! रिकामा कसा परत करतील? आत कुरडूची भाजी.

“गायरानातली हाय. कंपनी आली की कुठनं आनायची, सांग बाई?” म्हणाल्या, आणि दिवेलागणीपर्यंत बोलत बसल्या. अरूची पेन्सिल थांबेना. उद्या त्यांच्या जावांनीही बोलावलंय.

गुडघ्याला तेल लावता ना? गाय दूध देते का? मुलांना आशीर्वाद, तुम्हाला तेवढा नमस्कार.

आता डबा माझ्याकडे आहे. सूनबाईंना सांगून शेंगदाण्याचे लाडू पाठवा. बरीच घरं फिरायची आहेत, तेव्हा चाखून बघतो म्हणत निम्मे संपवू नका.