नाल्यापलीकडचा सत्कार

गुरुजी, रुळाच्या तुकड्यावर सळई आपटल्याचा तो आवाज अजून कानात आहे. शाळेपुढच्या कडुनिंबाला तारेनं टांगलेला तुकडा. शनिवारच्या बालसभेत तीन मिनिटं झाली की तुम्ही तो वाजवायचात, आणि बोलणाऱ्यानं अर्ध्या वाक्यावरही खाली बसायचं. मला तीन मिनिटं कधी पुरली नाहीत. मी कवितेच्या चालीत बोलायचो, ढगांत आणि कापसाच्या पऱ्हाटीच्या पिवळ्या फुलांत रमायचो, आणि मुद्द्यावर येण्याआधीच टण्ण! माझ्यामागं दोन वर्ग असलेला तो मात्र घंटेच्या नेमका आधी संपवायचा. तुमचा लाडका. तो आता आपल्या भागाचा खासदार आहे. तुम्हाला जाऊन एक आयुष्य लोटलं, तेव्हा ही बातमी पोचवायची कुठं, हा प्रश्नच आहे. तरी लिहितो. आनंदानं नाही लिहीत. संताप झाला आहे म्हणून लिहितो.

मागच्या अधिवेशनात तो बोलला. सरपंचानं आधीच गावभर सांगून ठेवलं होतं, म्हणून आम्ही सगळे त्याच्या ओसरीत टीव्हीपुढं बसलो. आधी देश आला. महामार्ग, विमानतळ, तरुणांच्या हाताला काम. मग जिल्हा आला, कापूस आला, रखडलेली रेल्वे आली. आवाज काय लागला होता! हात कुठं उचलायचा, कुठं थांबायचं, सगळं तुम्ही शिकवलेलं. तिकडं अध्यक्षांनी घंटा वाजवली तेव्हा तो घाईघाईनं हिंदीत म्हणाला की माझ्या गावच्या नाल्यावर आजही पूल नाही, पावसाळ्यात मुलं शाळेत पोचत नाहीत. गावाचं नाव घेतलं, आणि माईक बंद झाला. त्याचे ओठ तेवढे हलत राहिले. ओसरीत टाळ्यांचा कडकडाट. दुसऱ्या दिवशी पेढे वाटले गेले आणि हायवेच्या फाट्यावर त्याचा हात जोडलेला फलक लागला. आपली माणसं इथंच फसतात, गुरुजी. दिल्लीत शब्द निघाला म्हणजे इथं पाया खोदला, असं धरून चालतात.

मग दिल्लीचं उत्तर आलं. हा विषय राज्याच्या अखत्यारीतला आहे. राज्याच्या कचेरीत गेलो तर म्हणे जिल्हा परिषदेला विचारा. तिथला बाबू पान चघळत म्हणाला, "काका, थो नाला कोणाच्या हद्दीत हाय तेच आधी पाहा लागते." अरे, जन्मभर जो नाला आम्ही ओलांडला तो कोणाचा, हे आता शोधणार? मी तिथंच ओरडलो. या वयात असं ओरडणं झेपत नाही. खाली उतरून झाडाखाली बसून राहिलो.

माझी नात आठवीत आहे. आपली शाळा चौथीपर्यंतच. पुढची पलीकडे, फाट्याजवळ. नाल्याला पूर असला की ती काठावर दप्तर घेऊन उभी राहते. पलीकडे प्रार्थना सुरू झालेली ऐकू येते. ही अलीकडून ओठांतल्या ओठांत म्हणते आणि परत येते. परवा तिचा गणिताचा पेपर बुडाला. संध्याकाळी माझा मुलगा जेवताना म्हणाला, "आता पुरे झालं. एखाद्या दिवशी वाहून जाईल पोरगी. राहू द्या घरीच." ती ताटावरून उठली नाही, रडलीही नाही. भात कालवत राहिली. तिला माझ्यासारख्या कविता आवडत नाहीत, गणित आवडतं. मुलगा वाईट नाही. त्याच्यापाशी पूल नाही, एवढंच.

आणि त्याच आठवड्यात सरपंच आला. खुर्चीवर बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "काका, साहेबाच्या सत्काराले तुमाले अध्यक्ष व्हा लागते. तुमी त्याहिच्या शाळेतले. कविता बी म्हणा एखादी."

"सत्कार कायचा?"

"पुलाचा मुद्दा मांडला ना संसदेत!"

"पूल कुठाय?"

"तुमी बी ना काका! आता कुठं बोलणं सुरू झालं. दिल्लीत नाव गेलं ना गावाचं."

"अन् सत्कार कुठं हाय?"

त्यानं कपातला चहा संपला होता तरी पुन्हा तोंडाला लावला. "पलीकडं. फाट्यावर. मंडपाचा ट्रक इकडं येत नाही."

आतून सून म्हणाली, "मंग आमी एका हातात चपला अन् एका हातात लुगडं धरून टाळ्या कशा वाजवाव, भाऊ?"

सरपंच हसला. मला हसू आलं नाही. मी सांगितलं, येत नाही. आणि तुझ्या साहेबालाही सांग, येत नाही.

पण माझा राग तुमच्या लाडक्यावर संपत नाही, तुमच्यावरही आहे. आठवतं का? शाळेच्या विहिरीचा दोर तुटला होता, पोरं तहानलेली राहायची. बालसभेत त्यानं त्या दोरावर भाषण केलं. काय बोलला होता! तुमचे डोळे भरून आले, तुम्ही खिशातला स्वतःचा पेन काढून त्याला दिलात, आम्ही हात दुखेस्तोवर टाळ्या वाजवल्या. मी घरी येऊन चुलीपुढं बसलेल्या मायला सगळं भाषण म्हणून दाखवलं. तिनं भाकर उलथली आणि विचारलं, "मंग दोर आणला का कोणी?" मी म्हटलं, नाही. "भाषणानं घागर भरते काय रे?" दोर शेवटी माझ्या बापानं घाटंजीच्या बाजारातून आणला. त्याला पेन मिळाला नाही. तुम्ही आम्हाला बोलायला शिकवलंत, गुरुजी, सुंदर शिकवलंत. बोलून झाल्यावर काय करायचं असतं ते शिकवायचं राहून गेलं. आणि मी तर त्याच्याहून निकामी निघालो. तो निदान दिल्लीला गेला. मी सत्तर वर्षं वृत्तं गुणगुणत या नाल्याच्या काठी बसून राहिलो.

हे पत्र कुठंच जाणार नाही, म्हणून एक कबूल करतो. टीव्हीवर त्यानं गावाचं नाव घेतलं तेव्हा ओसरीत पहिली टाळी माझी होती. ते मी सरपंचाला सांगितलं नाही, घरातही कोणाला नाही.

सून अंगणातून हाका मारते आहे, "बाबा, पाहा तं कोण आलं!" खिडकीतून दिसतो आहे. तोच. एकटा, ना गाडी ना कार्यकर्ते. पँट मांडीपर्यंत भिजलेली, नाल्यातला गाळ ढोपरावर. म्हातारा झाला हो तुमचा लाडका. निवडून आल्यापासून पहिल्यांदा नाल्याच्या अलीकडं आला आहे.

"दादा, येऊ काय आत?" म्हणतो.

थांब म्हटलं, एवढं लिहून होऊ दे. सुनेनं पायावर पाणी घ्यायला बादली आणि तांब्या ठेवला आहे. तो तांब्याला हात लावत नाही, माझ्याकडं पाहतो आहे. आणि लिहून झालं तरी मी अजून त्याला 'ये' म्हटलेलं नाही.