स्विच कोणी चालू केला

भाऊजी,

त्या सकाळी मी कपडे पिळत होते आणि तुमचे दादा घरभर चष्मा शोधत होते. चष्मा कपाळावरच होता. तुम्ही दारातूनच हसलात, "वहिनी, ह्या माणसाला लिफ्टचं काम कोण देतं हो?" दोघं हसतच कामावर गेलात.

दुपारी ते लिफ्टच्या खड्ड्यात उतरले होते. वर, बंद केलेल्या मेन स्विचपाशी तुम्ही होतात. लिफ्ट खाली आली आणि ते गेले. स्विच कोणी चालू केला, एवढंच मी विचारते.

पहिल्यांदा विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "ते राहू द्या, आधी जेवलात का सांगा." नंतर म्हणालात, "दादाच्या अंगात ताप होता, तुम्ही जाऊ कसं दिलंत?" परवा तर रडलातच. "सख्ख्या भावावर संशय घेता, वहिनी?" मग मीच तुम्हाला पाणी दिलं, समजूत काढली, चहा टाकला. तुम्ही गेल्यावर कप विसळताना लक्षात आलं, की माझा प्रश्न तसाच राहिला.

मला राग येत नाही. काहीच वाटत नाही. मी वाचनालयातून आणलेलं पुस्तक त्या दिवसापासून त्याच पानावर पालथं पडलंय. त्यांच्या सामानाबरोबर परत आलेला चष्माही अजून उचलून ठेवता आलेला नाही.

इथपर्यंत लिहिलं, पण हे पत्र मी टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी तुमच्या घरी आले आणि तेच विचारलं. तुम्ही रडायला लागलात. मी पाणी आणायला उठले नाही. समोर बसून राहिले.

तुमची वहिनी