आईच्या नावाचा रकाना

३ मार्च
कफ्र सवाकीच्या नोंदणी कार्यालयात आज रुजू झाले. उस्ताद वगदी निवृत्त होतायत, त्यांच्या जागी मी. पुदिन्याचा चहा पाजून त्यांनी डेटाबेसच्या पोटात लिहिलेला आपला लाडका प्रोग्राम दाखवला. मृतांच्या यादीतलं एकेक नाव तो शोधतो, आईचं नाव दुसऱ्या तक्त्यातून आणून ताडतो, मगच नोंदीत ‘मृत’ लिहितो. एका यादीला चार तास! तेवढ्यात माणूस पुन्हा जन्माला येईल, म्हटलं मी. ते हसले नाहीत. घाई करू नकोस पोरी, एवढंच म्हणाले.

५ मार्च
एकेक ओळ फिरवणं बंद! सगळी यादी एकाच आज्ञेत उरकली. आईच्या नावापाशी फार रखडत होतं, ते काढून टाकलं. स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं नाव जुळलं की झालं. अकरा सेकंद! साहेबांनी सगळ्यांना बसबूसाची मिठाई मागवली. मी तर हवेतच आहे.

९ मार्च
फातही न्हावी स्वतःच्याच मृत्यूचा दाखला घेऊन खिडकीशी आला. मी मेलोय, तर सकाळी बायकोच्या शिव्या कोणी खाल्ल्या, असं विचारत होता. सगळे पोट धरून हसले. तिन्ही नावं सारखी, माणूस भलताच, चूक माझी. मी हाताने ‘जिवंत’ लिहिलं. तासाभरात नोंद पुन्हा ‘मृत’. संध्याकाळी कळलं, फातही दुकानातच कोसळून वारला.

१० मार्च
अशा चुकीच्या नोंदी सात. यादीच्या क्रमानेच माणसं जातायत. चार गेली. मला भीती वाटतेय, फार. जुना प्रोग्राम परत लावला. त्यात आईचं खरं नाव भरलं की ‘जिवंत’ टिकतं. पाचव्या, हुदाबाई, तेवढ्याने वाचल्या.

११ मार्च, सकाळ
सातवं नाव आत्ता नीट वाचलं. सब्री वहबा मतवल्ली. पत्ता आमच्या गावचा. माझे बाबा.
आईच्या रकान्यात नुसतं ‘उम्म सब्री’. सब्रीची आई! परक्यापुढे बाईचं नाव कसं घ्यायचं, म्हणून आजोबांनी सांगितलं नसेल, नि कारकुनाने तेच खरडलं. मलाही ठाऊक नाही. आजीला सगळे तेच म्हणायचे.

दुपार
बाबांना फोन केला. भडकले. आईचं नाव फोनवर विचारतेस, लाज विकलीस का, म्हणाले. आपटला फोन.
सहावा गेला, त्याच्या आईचं नाव सापडलंच नाही. आता —

परत लावला. मी रडले. पाया पडते म्हटलं. वेडी कुठली, म्हणाले. थांब, दार लावून येतो, कुणी ऐकायला नको —
आले. धाप लागलीय.
लिही म्हणतायत. हळूच —
ज —
पुढचं अक्षर, बाबा. पुढचं —