दारातला पाय

३ जून
लागली एकदाची नोकरी! वेळमापन संस्थेत घड्याळं सांभाळायची. आयुष्यात कधी कुठे वेळेवर न पोचलेली मी, आणि देशाची वेळ माझ्या हाती! आई म्हणाली, माकडाच्या हाती कोलीत दिलंय. बबडीचा पुढचा दात हलतोय. तू असशील तेव्हाच पाडणार, असं लेकीने बजावलंय. मीही वचन देऊन बसले.

४ जून
सरांनी तळघरातली खोली दाखवली. तिथे वेळ मंद चालते. काळाच्या पुढे जाता येतं, हे शास्त्राला मान्य आहे, म्हणाले. आत जरासं थांबलं, की बाहेर त्याहून जास्त वेळ निघून गेलेला असतो. मागे जाता येतं का, मी विचारलं. ते म्हणाले, ती वाट अजून कुणालाच सापडलेली नाही. गेलेली वेळ परत येत नाही, हे आमची आई फुकटात सांगते!

दार उघडं असलं की आत-बाहेरचा फरक नावापुरताच; नुसतं टेकलं तर आतल्या क्षणांत बाहेर दिवस जातो, गच्च लागलं तर वर्षं. म्हणून इथली रीत अशी, की कुणी आत असेल तोवर शिपाईकाका दारात पाय घालून स्टुलावर बसतात. साधी पाचर का लावत नाही, असं मी विचारलं. पाचरीला काळजी नसते, काका म्हणाले. त्यांच्या बुटाला दाराची खाच पडली आहे.

१० जून
काकांना शिंक आली आणि पाय निसटला. दार नुसतं टेकलं होतं, मी लगेच ढकललं. तेवढ्यात कानाशी चिलट गुणगुणून गेलं. बाहेर आले तर काकांचे हात सुजलेले. दिवसभर दार ठोकत होते म्हणे. बाहेरून ओढून उपयोग नसतो. दारही आतल्याच वेळेत हलतं.

घरी बबडीचा दात पडला होता. काड्यापेटीत जपून ठेवला होता माझ्यासाठी. ती रुसली असती तर बरं झालं असतं. तू कुठे होतीस, एवढंच तिने विचारलं. मला रडू आवरेना.

११ जून
राजीनामा दिला. नोकरी गेली खड्ड्यात. उद्या शेवटचं एक घड्याळ बाहेर आणून द्यायचं, की सुटले. बबडीला सोबत नेणार आहे. तिथून थेट बागेत.

१२ जून
आत आहे. दुसरं काही करता येत नाही, म्हणून लिहितेय. घड्याळ उचललं आणि बाहेर बबडी जिन्यावरून घसरली. काका तिला झेलायला धावले. मीही तेच केलं असतं. दार पूर्ण लागलं. तिची हाक ‘आ’वरच तुटली.

कडीवरचा दिवा लाल आहे. दार असं गच्च लागलं, की हवेचा दाब सारखा होईपर्यंत कडी उठत नाही. फार नाही, चहाला उकळी येईल एवढा वेळ. पण बाहेर—

तारीख कुठली लिहू?
पुन्हा चिलट. या खोलीत चिलट येईल कुठून? दाराला कान लावला. दारातूनच येतंय.

ठोकतायत. रोज ठोकतायत. इतकं भरभर ऐकू येतं, की गुणगुण—

दोन आवाज आहेत. एक जाड, एक बारीक.

जाड थांबला. काका—

बारीक चालू आहे. मधेच खंड पडतो. शाळा असेल. लग्न असेल. नको येऊस गं बबडी. जा, तुझं तू जगून घे—

परत आली. आता क्षीण.

तिचे दात पुन्हा पडायला लागले असतील. याही वेळी मी—

थांबली.

दिवा हिरवा झाला. हात कडीवर आहे, उचलवत नाही. बाहेर कुणी नसेल तर— दाराशी तिने ती काड्यापेटी तरी ठेवली असेल—