आई नाचायला उठली तेव्हा

बाबा, तुम्ही घेऊन दिलेला सॅक्सोफोन मी मागच्या महिन्यात मुंबईत वाजवला. लग्नात नाही, मोठ्या हॉलमध्ये, तिकीट काढून आलेल्या लोकांपुढे. जॅझचा बिग बँड होता, सगळे काळ्या कोटात, प्रत्येकासमोर नोटेशनचे कागद. मी त्यांचा पाहुणा. एका गाण्यातला मधला तुकडा सगळा माझा, मनाला येईल तसा वाजवायचा. आईला मुद्दाम पुढच्या रांगेत बसवलं होतं. ती ठेवणीतलं हिरवं पातळ नेसली होती आणि भिवंडीत आपल्या निजामपुऱ्यातून घेतलेला गजरा माळून आली होती.

कोन गावातली ती हळद आठवते तुम्हाला? मी कॉलेजात होतो, तुमच्या बँडमध्ये नवा. नवरदेवाची आत्या एकटीच नाचत होती. माझे ओठ सोलवटले होते, म्हणून मी सॅक्सोफोन खाली घेतला. ती बिचारी हात वर धरून तशीच उभी. तुम्ही क्लॅरिनेटवर चाल उचललीत, तिला सांभाळून घेतलंत, आणि मग टेम्पोत सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढलीत. "नाचणारी बसल्याबिगर आपण थांबायचं न्हाय. बाई काय रोज नाचते?" मी घर येईपर्यंत तोंड फुगवून बसलो होतो.

तर मुंबईत त्या दिवशी माझा तुकडा रंगात आला आणि आई उठली. हळदीत उठायची तशीच, पदर खोचून, हात वर करून. तुम्ही गेल्यापासून मी तिला नाचताना पाहिलंच नव्हतं, बाबा. मागे कुणीतरी हसलं. मोबाइल वर झाले. बँड चालवणारे कंडक्टर मात्र खूश. ते बोट वर करून खूण करतायत, अजून एक फेरी घे. ड्रमवालाही हसत हसत तिच्या पावलांवर ठेका धरतोय. आणि मला मेल्याला एवढंच सुचतंय की आता या सगळ्यांना कळणार, हा वरातीतला बँडवाला. माझे कान तापले. मी मान हलवून नको म्हटलं आणि स्वर तोडला. आईचे हात वरच राहिले. मग तिनं इकडेतिकडे बघितलं, खोचलेला पदर सोडला आणि खुर्ची चाचपत खाली बसली. टाळ्या झाल्या, त्या मी वाकून घेतल्यासुद्धा. शरम वाटते हो मला स्वतःची. रियाजाला बसलो तरी ते वर राहिलेले हात दिसतात.

येताना गाडीत ती भिवंडी जवळ आल्यावर हळूच म्हणाली, "दम पुरला न्हाय का रे तुझा? तुझ्या बाबांचाबी शेवटी शेवटी असाच तुटायचा." मी हो म्हणालो.

तेव्हापासून ती रोज सकाळी मला आल्याचा काढा करून देते आणि मी पिईपर्यंत समोर उभी राहते. दम होता, बाबा. हे तिला सांगायचं माझ्याच्यानं होत नाही. आजही पेला रिकामा करून तिच्या हातात दिला.