पुडीवरची सही

प्रिय जोतीदादा,

आणि हे कसलं उत्तर झालं? मी एवढंच विचारलं होतं की मालकांशी कधी बोलणार, आणि तू लिहून पाठवलंस की ज्यानं ते वचन दिलं होतं तो आता उरलेलाच नाही. खाली सही काय, तर ‘एक साधक’. तीन वर्षं मी वाट बघितली ती ह्याची होय? फोन केला तर वहिनी म्हणतात, त्यांचं मौन आहे, गुरुवारी सुटेल. गुरुवारी केला तर म्हणतात, मौन सुटलंय, पण भावोजी, तुमच्या त्या विषयावर बोलणार नाही म्हणालेत, मन ढवळतं म्हणे. तुझं मन ढवळतं. म्हणून शेवटी कागद घेतला. सातवीतून सुटलेल्याचं अक्षर आहे, सांभाळून घे. माझ्या अक्षराला तू कधी हसला नाहीस, तेवढं मी अजून विसरलेलो नाही.

इकडचं आधी सांगतो, नाहीतर म्हणशील नुसता भांडायलाच लिहितोय. गुम्मिडिपूंडीच्या त्याच कारखान्यात आहे. भंगार लोखंड वितळवायचं आणि त्याच्या सळया ओढायच्या. भंगारात काय काय येतं तुला सांगू, सायकली येतात, दवाखान्यातले पलंग येतात, शाळेची बाकं येतात, पोरांनी कोरलेल्या नावांसकट. इथं कुणी कुणाला विचारत नाही की हे गाळायचं का नाही. क्रेन उचलते आणि टाकते. ओडिशाची आणि बिहारची पोरं आहेत, मला नुसतं ‘मराठी’ म्हणतात. सया हे नाव इथं एकालाही माहीत नाही. तू ध्यानाच्या शिबिराला पैसे भरून नाव सोडायला शिकलास, माझं तीन वर्षांपूर्वीच सुटलं, तेही फुकटात. डाव्या मनगटाला थोडं भाजलं होतं, बरं झालं. आईला कळवू नको.

तू मला पहिल्यांदा इकडं तमिळ मुलखात आणलंस तेव्हा मी सोळाचा होतो. आपल्या विट्याकडं घरटी एक पोरगं कुठल्यातरी परक्या गावात सोनं गाळायला जातंच, तसा मीही आलो. सौकारपेठेतल्या बोळात मालकांचं दुकान, पुढं काटा, मागं भट्टी. पहिल्या दिवशी तू माझ्या हातावर हात ठेवून सांडशी धरायला शिकवलीस. म्हणालास, मुशीकडं बघ, सांडशीकडं बघू नको, ती आपोआप जाते. आणि नियम शिकवलास. पुडी उघडली की एकानं मोठ्यानं वजन बोलायचं आणि ‘गाळायचं’ म्हणायचं, दुसऱ्यानं पुडीवरची चिठ्ठी वाचून तेच परत म्हणायचं. दोघांनी म्हटल्याशिवाय मुशीत काही टाकायचं नाही, आणि मग टाकणाऱ्यानं पुडीच्या कागदावर सही करायची. मालक म्हणायचे, गाळल्यावर दागिन्याला तोंड राहत नाही रे, म्हणून आधी आपली दोन तोंडं लागतात.

सेतुमाधवराव आपल्या दुकानात आले ते तुझ्या शिव्या ऐकून. आठवतंय? मी तेजाबाची बाटली उघडी ठेवली म्हणून तू मला झाडत होतास, आणि दारात एक म्हातारे थांबले. तंजावरकडचे मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इकडचेच, मैलापुरात घर, बँकेत कारकुनी करून निवृत्त झालेले. म्हणाले, काय गोड मराठी, किती दिवसांनीं ऐकिली. तू एवढा लाजलास की त्यांना खुर्ची द्यायचंही विसरलास. तेव्हापासून ते महिन्यातून एकदा नुसते बोलायला यायचे. त्यांच्या बोलण्याला आपण हसायचो आणि आपल्या बोलण्याला ते. त्यांच्या पत्नी अंबुजाबाई वारल्यावर वर्षानं त्यांची पुतळ्यांची माळ घेऊन आले. फासा तेवढा तुटला होता, तो जोडून सुनेच्या गळ्यात घालायची होती. ते आपलं काम नव्हे, पलीकडच्या कारागिराचं. पण तू म्हणालास, आजोबा, आपलीच माणसं, राहू द्या इथं, मी करून आणतो. चिठ्ठी लिहिलीस आणि पुडी भट्टीजवळच्या फळीवर ठेवलीस.

दुसऱ्या दिवशी मी कॉफी आणायला गेलो होतो. तू फोनवर होतास, वहिनींच्या वडिलांशी, मदुराईत तू काढणार होतास त्या दुकानाला ते किती पैसे घालणार ह्यावर. एका हातात फोन आणि एका हातानं पुडी उघडलीस. ‘गाळायचं’ म्हणाला असशीलही, पण परत म्हणायला तिथं कोण होतं? मी दोन्ही कॉफ्या घेऊन आत आलो तेव्हा मुशीत एकच पुतळी वर राहिली होती. तिचं तोंड दिसत होतं. मग तेही गेलं.

चव्वेचाळीस ग्रॅमची माळ, गाळून झालेली सोन्याची लगड जवळजवळ तेवढीच भरली. मालक बाहेरून यायला पाव तास होता. तेवढ्या पाव तासात तू मला पेन दिलंस. म्हणालास, सया, आज हे माझ्या नावावर गेलं तर सोयरीक मोडेल आणि दुकानही जाईल, तू लहान आहेस, लहानाची चूक लोक विसरतात. लग्न होऊ दे, दुकान उभं राहू दे, मग मी स्वतः मालकांपुढं उभा राहून सांगतो. तोवर तू तोंड उघडायचं नाहीस, आईची शपथ. मी सही केली. तू कागद धरून ठेवला होतास, सांडशी शिकवताना माझा हात धरला होतास तसा.

सेतुमाधवराव आले तेव्हा मालकांनी त्यांना माझं नाव सांगितलं. त्यांनी लगड तळहातावर घेतली, थोडा वेळ बघितली आणि काट्याच्या पितळी पारड्यात परत ठेवून चालते झाले. मालक भरपाई देत होते, तीही घेतली नाही. लगड अजून मालकांच्या तिजोरीत आहे, त्याच पुडीत, माझ्या सहीसकट. मला मालकांनी त्याच संध्याकाळी काढलं. आपल्या धंद्यात बातमी माणसाच्या आधी पोचते. कोचीपासून हैदराबादपर्यंत मी कुठंही गेलो तरी आपलंच कुणीतरी भट्टीवर बसलेलं असायचं आणि विचारायचं, माळ गाळणारा सया तो तूच का? तुझ्या लग्नात मी पंगतीला वाढत होतो, तेव्हा तुझे सासरे सगळ्यांदेखत म्हणाले, पोरा, बघून वाढ, भलतंच काही ताटात टाकशील. सगळे हसले. तूही हसलास दादा. मी तुझ्याकडंच बघत होतो.

लग्न झाल्यावर तू म्हणालास, दुकान स्थिर होऊ दे. दुकान झाल्यावर, वहिनींचं बाळंतपण. मग ते शिबिर. दहा दिवसांनी बाहेर पडलास आणि मला म्हणालास, माझ्यातला ‘मी’ गेला, फार हलकं वाटतंय, तूही ये एकदा. हलकं वाटणारच. ओझं माझ्याकडं होतं. आणि खरंच सगळा ‘मी’ गेला असेल, तर दुकानाच्या पाटीवरचं जोतिराम अजून तसंच कसं? ते मात्र परवा नव्यानं रंगवलंस, वहिनींनी फोटो पाठवला होता.

तरी मी तुला नुसता दोष दिला नाही. म्हटलं, असेल काहीतरी, आपल्याला अडाण्याला कळत नसेल. मैलापुरात देवळामागं एका घराच्या माडीवर रविवारी सकाळी ध्यान शिकवतात, फी नाही. दोन गाड्या बदलून जायला लागलो. शिकवणाऱ्या बाई तमिळमध्ये बोलतात, निम्मं कळतं. श्वास बघायचा, आणि ‘मी’ म्हणून जे जे वर येईल त्याला ये म्हणायचं आणि जाऊ द्यायचं. पहिले काही रविवार माझे गुडघेच वर आले. मग भूक आली. मग ती सही यायला लागली. तिसऱ्या महिन्यात एकदा खरंच ती आली आणि गेली. माळ गाळणारा, चुकलेला, ‘मराठी’, सगळी नावं थोडा वेळ गळली, आणि तू म्हणतोस ते हलकं वाटणं मलाही कळलं. खोटं नाही सांगणार, छान होतं. पण त्याच्यामागून तू आलास. माझ्या हातावर तुझा हात, आणि मुशीकडं बघ म्हणणारा तुझा आवाज. तेव्हा मी घाबरलो. ज्यानं माळ गाळली तो उरला नाही म्हणतोस. मग ज्यानं मला सांडशी शिकवली तो कुठाय? तो तर त्याच हातांचा माणूस होता. गुन्हा करणारा तेवढा गेला आणि भाऊ राहिला, असं निवडून गाळता येतं का दादा? मला तुझ्या चुकीचा राग तीन वर्षांत कधी आला नाही. ह्या उत्तराचा आला.

मोडक्यातोडक्या तमिळमध्ये मी बाईंना विचारलं, ‘मी’ सोडला तर त्यानं केलेलं कुणाचं? त्या म्हणाल्या, आधी हातात घ्यावं लागतं, जे हातात घेतलंच नाही ते खाली ठेवलं कसं म्हणशील? आणि मग म्हणाल्या, आता घरी जा, तुझी गाडी चुकेल.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. मागच्या रविवारी डोळे उघडले तर शेजारच्या चटईवर सेतुमाधवराव. खूप वाळलेत. माझ्याकडं बघून, इकडं धाकट्या पोराला हाक मारतात तशी मारून म्हणाले, तंबी, तूं ध्यान करीत होतास कीं निजला होतास, घोरणें ऐकूं आलें. मग मला ओळखलं. खाली कॉफीच्या दुकानात घेऊन गेले. म्हणाले, तें सोनें माझ्या मनांत फार दिवस तापत राहिलें, आतां पोदुम. पोदुम म्हणजे पुरे, एवढं तमिळ मला येतं. पुढं म्हणाले, तुला क्षमा केली, बाळा. चूक तुझी, म्हणून तूंच तुझ्या हातानें ती लगड आणून दे, मग घेईन. महिनाअखेर मुलीकडं बंगळूरला जातायत, कायमचे. रविवारी सकाळी वाट बघतो म्हणाले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. शपथ आहे ना. दादा, शिव्या मी तुझ्या वाट्याच्या खाल्ल्या, त्या पचल्या. ही माफी पचत नाही. ती तुझी आहे, चुकून माझ्या डोक्यावर पडली, आणि मला ती ठेवताही येत नाही आणि परतही देता येत नाही. शनिवारी ये. आधी सौकारपेठेत मालकांपुढं उभा राहा, लगड घे, पुडीवरची माझी सही खोड आणि तुझी कर. रविवारी आपण दोघं मैलापूरला जाऊ. साधकाला पाठवू नको, त्याला मी ओळखत नाही. जोतिरामला पाठव, चुकीसकट.

अजून तरी तुझाच,
सया

ता.क. तुझं आता काहीच तुझं नाही म्हणतोस, म्हणून पाकिटात माझे पैसे घालतोय. मदुराईहून इथवरचं गाडीचं तिकीट तीनशे वीस, फक्त येण्याचं. एग्मोर स्टेशनहून सौकारपेठेच्या बसला वीस. आणि त्या दिवशी आणलेल्या दोन्ही कॉफ्या तशाच थंड झाल्या होत्या, म्हणून दोन कॉफ्यांचे चाळीस. सगळे मिळून तीनशे ऐंशी रुपये.